अठ्ठावन्न किलोचा तानपुरा: पुणे ते नागपूर, एका जुन्या वाद्याच्या पाठवणीच्या भाड्याचं प्रकरण

हे प्रकरण खरं आहे. एकीने जुना तानपुरा विकला, दुसरीने तो घेतला; दोघींनीही आपापसातले संदेश, पावत्या आणि व्हिडिओ मला दाखवले. नावं बदलली आहेत, दुकानांची आणि कंपन्यांची नावं गाळली आहेत. रक्कम मात्र जशी होती तशीच ठेवली आहे, कारण सगळा गुंता रकमेचाच होता.

पार्श्वभूमी

पुण्यातल्या मेधाताईंच्या आईंनी गाणं शिकवणं थांबवलं तेव्हा घरात दोन तानपुरे होते. मोठा ठेवायचा आणि लेडीज, म्हणजे लहान आकाराचा, तानपुरा विकायचा असं ठरलं. मिरजेची बनावट, चार तारा, भोपळ्याला तडा नाही, दांडी सरळ. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून 'मिरज' हा शब्द जाहिरातीच्या पहिल्याच ओळीत यायला लागला आहे, तसा तो इथेही आला. किंमत १६,००० रुपये. जाहिरातीची शेवटची ओळ होती: 'बाहेरगावी पाठवू, शिपिंग वेगळं.'

पहिला फोन आला तो ठगाचा. आपण लष्करात आहोत, गाडी आम्हीच पाठवू, भाडं आमचं, तुम्ही फक्त हा कोड स्कॅन करून पिन टाका म्हणजे पैसे येतील. यूपीआयचा पिन लागतो तो पैसे देताना, घेताना नाही, हे मेधाताईंना माहीत होतं म्हणून विषय तिथेच संपला. पण जाता जाता एक खूण सांगून ठेवतो: खरा गिऱ्हाईक भाड्यावरून कुरकुरतो. माप न विचारता 'भाडं आमचं' म्हणणारा माणूस वस्तू घ्यायला आलेला नसतो.

दुसरा फोन कोथरूडमधून आला. १२,५०० रुपये रोख, घरी येऊन घेऊन जातो. मेधाताईंना भाव पडलेला वाटला, त्यांनी नाही म्हटलं. तिसरी रश्मी. नागपूरला बँकेत नोकरी, काही वर्षं गाणं शिकते आहे, रियाज मोबाइलमधल्या तानपुऱ्यावर. 'ताई, थोडं कमी करा ना' करत सौदा १४,५०० वर आला. रश्मीने विचारलं, कुरिअरचे साधारण किती होतील? मेधाताईंचं उत्तर: 'भाचा म्हणतोय सहा-सातशे.' त्याच संध्याकाळी २,००० रुपये बयाणा पोहोचला.

अडचण

भाच्याने खोटं सांगितलं नव्हतं. एका ॲपवर त्याने दोन्ही पिनकोड टाकले, वजन १० किलो टाकलं आणि लांबी-रुंदी-उंचीच्या रकान्यांत आधीपासून भरलेले १०, १०, १० हे आकडे तसेच राहू दिले. ॲपने ६४० रुपये दाखवले. दहा सेंटिमीटरच्या खोक्यात तानपुरा बसत नाही हे ॲपला कळण्याचं कारण नाही. या दराने पार्सल खरंच निघालं असतं, तर पुढच्या हबवर, म्हणजे पार्सलं एकत्र होतात त्या केंद्रावर, मशीनने माप घेतलं असतं आणि फरकाची रक्कम पाठवणाऱ्याच्या खात्यातून वळती झाली असती.

दोन दिवसांनी मेधाताई मापं घेऊन कुरिअरच्या दुकानात गेल्या. तानपुरा सुमारे १३० सेंटिमीटर लांब, भोपळा ३८ रुंद. चहूबाजूंनी भरणा घालून खोकं व्हायचं १४२ × ४८ × ४२. दुकानदाराने कॅल्क्युलेटरवर तिन्ही आकडे गुणले, ५,००० ने भागले आणि ५७.२५ हा आकडा त्यांच्याकडे फिरवला. 'अठ्ठावन्न किलो धरायचे, मॅडम.' काट्यावर नुसता तानपुरा १२ किलोसुद्धा भरला नसता.

याला व्हॉल्युमेट्रिक वजन म्हणतात. गाडीत किंवा विमानात वस्तू जागा किती अडवते, त्यावरून हिशोबाचं वजन काढायचं. प्रत्यक्ष वजन आणि हे वजन, यांतलं जे जास्त त्यावर भाडं. भाजक सगळीकडे ५,००० च असतो असंही नाही. रस्त्याने जाणाऱ्या मालाला काही ठिकाणी ४,५०० ने भागतात, म्हणजे हाच तानपुरा ६४ किलोंचा होतो. पुस्तकं, मिक्सर, इस्त्री यांना या गणिताची झळ लागत नाही. तानपुरा, सायकल, लॅम्पशेड, लहान मुलांची गाडी यांना पुरती लागते.

रस्त्याने पाठवायचा दर किलोला ४२ रुपये. त्यावर इंधन अधिभार, पावतीचे १०० आणि १८ टक्के जीएसटी. एकूण ३,५६७. खोकं आणि पॅकिंगचे ७०० निराळे. आणि वर एक शिक्का: नाजूक वस्तू, मालकाच्या जबाबदारीवर.

त्या रात्रीचे संदेश दोघींनाही फारसे अभिमानाचे वाटत नाहीत. रश्मी: 'ताई, मग मला तो पावणेएकोणीस हजारांना पडतो. तुम्ही सहाशे म्हणाला होतात.' मेधाताई: 'शिपिंग वेगळं हे जाहिरातीत लिहिलंच होतं गं.' दोघींचंही म्हणणं खरं होतं, त्यामुळे बोलणं पुढे सरकेना.

पर्याय

तीन वेगळे प्रश्न एकाच वाक्यात कोंबले गेले होते: पाठवायचं कसं, पैसे कोणी द्यायचे, आणि वाटेत फुटलं तर कोणाचं. जुन्या वस्तूंच्या बहुतेक सौद्यांत बोलणं फक्त मधल्या प्रश्नावर होतं. इथे पहिला प्रश्न आधी हाती घेतला गेला, तो रश्मीच्या गुरुजींमुळे. त्यांचा सल्ला सरळ होता: कोणाचा दर किती ते मागाहून बघ, आधी वाद्याला वाटेत किती जणांचे हात लागणार ते मोज.

त्या मापाने कुरिअर सगळ्यात खाली गेलं. दुकानातून शाखेत, शाखेतून हबवर, हबवरून गाडीत, नागपूरला पुन्हा तेच उलट्या क्रमाने. प्रत्येक ठिकाणी कोणीतरी उचलणार, कोणीतरी टाकणार.

पोस्टात लांबी आणि घेर यांची बेरीज बघतात. खोक्याची ती ३२२ सेंटिमीटर भरत होती. एवढं मोठं चालणार नाही म्हणून काउंटरवरूनच नकार आला. तो पर्याय पाच मिनिटांत मिटला.

ट्रान्सपोर्ट कंपनीचा आकडा गोड होता. भाडं ८५०, बिल्टीचे (वाहतूकदाराच्या माल-पावतीचे) १००, हमालीचे १५०. गोडाऊन ते गोडाऊन, चार-पाच दिवस. पण लाकडी पेटीशिवाय वाद्य घेणार नाही ही अट, आणि सुताराने पेटीचे २,२०० सांगितले. तिथल्या कारकुनाने बिलही मागितलं. घरातली वापरलेली वस्तू विकणाऱ्याकडे जीएसटीचं बिल कुठून असणार? साध्या कागदावर 'घरगुती वापराची जुनी वस्तू, किंमत अमुक' असं लिहून सही केली की काम भागतं. ई-वे बिलाचा, म्हणजे मालवाहतुकीच्या जीएसटी परवान्याचा, प्रश्न महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एक लाख रुपयांच्या वरच्या मालाला येतो, आणि वापरलेलं घरगुती सामान तर त्यातून वगळलेलंच आहे. खरी मेख दुसरीकडे होती. बिल्टी देणाऱ्या वाहतूकदाराची नुकसानभरपाई, जास्तीचं जोखीमशुल्क भरलं नसेल तर, भाड्याच्या दहापटीपुरती असते. भाडं ८५०, म्हणजे ८,५००. स्वस्त भाडं घेतलं की भरपाईही स्वस्त होते, हे फार कमी लोकांच्या लक्षात येतं.

रेल्वेचं पार्सल ऑफिसही विचारून झालं. तिथे किंमत जाहीर करून टक्केवारी शुल्क भरलं नाही, तर जबाबदारी किलोला ५० रुपये. पॅक केलेल्या १४ किलोच्या नगाला ७०० रुपये. बुकिंगला स्टेशनवर जा, सोडवायला स्टेशनवर जा, आणि मधल्या फलाटावर हातगाडीवर काय होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे.

उरले दोन पर्याय. एक, रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या गाडीतून पार्सल: पुण्यात एकदा चढणार, नागपुरात एकदा उतरणार, नगाला ९०० रुपये. दुसरा, रश्मीने स्वतः यावं, वाजवून बघावं आणि रेल्वेने सोबत घेऊन जावं. स्लीपरचं जाण्यायेण्याचं तिकीट जवळपास तेवढ्यातच बसत होतं. पण मार्चअखेर होती आणि बँकेत रजा मागायची सोय नव्हती.

सौदा मोडायचा विचारही झाला. बयाणा परत द्यायला मेधाताई तयार होत्या. रश्मीने मिरजेला नव्याचा भाव विचारला; तो ऐकून ती पुन्हा पुण्याकडे वळली.

पॅकिंगचा निर्णय

या प्रकरणातला सगळ्यात चांगला निर्णय भाड्याविषयीचा नव्हताच. तानपुरे दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराकडे मेधाताई पेटीबद्दल विचारायला गेल्या, तेव्हा त्याच्या माळ्यावर जुनी फायबरची केस पडलेली होती. मोठ्या तानपुऱ्याची, एक कडी ढिली. ३,००० रुपये म्हणाला.

लाकडी पेटीचे २,२०० नागपूरला पोहोचताच जळणात गेले असते. केसचे ३,००० रश्मीकडेच राहणार होते, गुरुजींच्या घरी ने-आण करायला उपयोगी. त्यामुळे 'कोणी द्यायचे' हा प्रश्न अर्धा आपोआप सुटला: केस रश्मीने घ्यायची, कारण ती तिची होणार. बसचं भाडंही तिचं. पुण्यातली रिक्षा आणि आतलं पॅकिंग मेधाताईंचं. शिवाय सहा-सातशे असं सांगून चुकीची अपेक्षा निर्माण केली म्हणून त्यांनी किंमत १,००० ने उतरवली. ही सूट त्यांनी स्वतःहून दिली. मागितली असती तर कदाचित मिळाली नसती.

उरलेल्या १३,५०० चे तीन तुकडे झाले: २,००० दिलेलेच होते, ६,००० बसची पावती हातात पडल्यावर, ५,५०० केस उघडून बघितल्यावर. फुटलं तर काय, हे मात्र कोणी लिहून ठेवलं नाही.

पॅकिंगचा व्हिडिओ २० मिनिटांचा आहे. मेधाताईंनी आधी चारही तारा छेडून दाखवल्या आणि तानपुरा चहूबाजूंनी फिरवला. मग कारागिराने घोडीच्या (तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीच्या) चारही कडांना तबलीवर, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी झाकणावर, पेन्सिलीने बारीक खुणा केल्या, खुंट्या दोन-तीन फेरे सैल केल्या, घोडी काढून वेगळ्या फडक्यात गुंडाळली आणि सूर बारीक जुळवायचे मणी एका डबीत टाकले. तारा ताणलेल्या ठेवून पाठवलं तर उन्हात आणि धक्क्यात सगळा ताण दांडी जिथे भोपळ्याला जोडलेली असते त्या गळ्यावर येतो. तडा जातो तो तिथेच. केस मोठी असल्यामुळे नेमकी गळ्याखाली पोकळी राहत होती. आईंच्या जुन्या गोधडीचे तुकडे करून ती भरली. थर्माकोल आणला होता तो कारागिराने बाजूला सारला. थर्माकोल एका धक्क्यात चुरतो आणि मग पुढच्या धक्क्याला तिथे काहीच नसतं. केस बंद करून त्याने ती दोन्ही हातांनी हलवली, कान लावला, पुन्हा उघडली आणि खुंट्यांच्या बाजूला आणखी एक तुकडा कोंबला.

प्रवास आणि शेवट

पुण्यात संगमवाडीला, ट्रॅव्हल्सच्या गाड्या सुटतात तिथे, रात्री पार्सल घेणाऱ्याने पावतीवर लिहिलं, 'वाद्य, १ नग'. किंमत लिहायला तो तयार नव्हता. मेधाताई तिथून हलल्या नाहीत, तेव्हा त्याने १३,५०० लिहिलं आणि खाली स्वतःच्या हाताने 'मालकाच्या जबाबदारीवर' हेही लिहिलं. टपावर टाकणार नाही, डिक्कीत आडवी राहील आणि वर काही ठेवणार नाही, हे तोंडी. पहिल्या दोन गोष्टी पाळल्या गेल्या. बसचा नंबर आणि ड्रायव्हरचा मोबाइल मेधाताईंनी रश्मीला पाठवला, तिने लगेच ६,००० पाठवले.

गाडी नागपूरला दोन तास उशिरा लागली. रश्मी बँकेत गेलेली, गणेशपेठेजवळ भाऊ थांबला. केसवर लांब ओरखडा, ढिली कडी तुटलेली, म्हणजे वर काहीतरी ठेवलं गेलं होतं. भावाने पावतीवर तसं लिहून घ्यायला हवं होतं. तो घाईत सही करून निघाला. संध्याकाळी व्हिडिओ चालू ठेवून केस उघडली. भोपळा, गळा, दांडी ठीक. एक खुंटी सैल.

तारा चढवल्यावर वेगळंच निघालं. जोडीच्या, म्हणजे मधल्या दोन, तारांची जवारी (घोडीच्या पृष्ठभागामुळे येणारा गुंजणारा नाद) खुलेना. रश्मीने ५,५०० थांबवले, गुरुजींना वेळ मिळेपर्यंत तीन दिवस गेले, आणि त्या तीन दिवसांत पुण्यात चलबिचल सुरू झाली. गुरुजींनी बघून सांगितलं, घोडी परत बसवताना किंचित सरकली आहे आणि जवारीचा पृष्ठभागही झिजलेला आहे. नागपुरातल्या कारागिराने ७०० घेतले. यातला सरकण्याचा भाग पाठवणीतला, झिजेचा भाग वापरातला. मेधाताईंचं म्हणणं, झीज तर प्रत्येक जुन्या तानपुऱ्याला असते. रश्मीचं म्हणणं, व्हिडिओत ती ऐकू आली नव्हती. मोबाइलच्या माइकवर जवारी ऐकू येत नाही, हे दोघींना तेव्हाच कळलं. शेवटी ३०० कापून ५,२०० गेले.

आता हिशोब. रश्मीला तानपुरा, केस, बस, नागपूरची २५० रुपयांची रिक्षा आणि जवारी धरून १८,०५० ला पडला. कुरिअरने गेला असता तर १८,७६७ आणि केस नाही. मेधाताईंच्या हाती १३,२०० आले. त्यातून रिक्षाचे ३०० आणि पॅकिंगच्या सामानाचे ३५० वजा केले की १२,५५०. कोथरूडच्या माणसाने घरून न्यायचे १२,५०० सांगितले होते. सगळ्या धावपळीची मिळकत ५० रुपये. मेधाताईंना हा आकडा मी दाखवला तेव्हा त्या म्हणाल्या, 'पण शिकणाऱ्या मुलीकडे गेला.' तो हिशोब माझ्या रकान्यांत बसत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

जाहिरात टाकण्याआधी टेप घेऊन पाच मिनिटं घालवली असती तर निम्मं प्रकरण घडलंच नसतं. वस्तूचं नाही, पॅक केलेल्या खोक्याचं माप. ते जाहिरातीत लिहायचं आणि शेजारी एका दूरच्या शहराचा खरा दर टाकायचा. 'शिपिंग वेगळं' या दोन शब्दांतून विकणाऱ्याला वाटतं आपण सांगून मोकळे झालो, आणि घेणाऱ्याला वाटतं किरकोळच असेल.

भावाची घासाघीस भाडं कळल्यावर करायला हवी होती. १६,००० चे १४,५०० झाले तेव्हा दोघींच्या डोक्यात दोन वेगळ्या बेरजा होत्या. 'घरी पोहोचेपर्यंत एकूण किती' या एकाच आकड्यावर बोलणं झालं असतं, तर रश्मीला कोथरूडच्या १२,५०० शी नेमकी किती स्पर्धा करायची आहे तेही कळलं असतं, आणि मेधाताईंना बाहेरगावच्या जास्तीच्या भावातलं किती स्वतःकडे राहणार ते.

बयाणा घाईने गेला. २,००० अडकल्यामुळे दोघीही सौद्याला चिकटून राहिल्या. तो नसता तर कुरिअरचा आकडा ऐकल्यावर कदाचित शांतपणे वेगळ्या झाल्या असत्या. त्याचा शेवट वाईट झाला असता असंही नाही.

माझं मत विचाराल तर रश्मीने यायलाच हवं होतं, मार्चअखेर उलटल्यावर आठवड्याने का होईना. सायकल किंवा टेबल न बघता घेता येतं. तानपुरा घेताना कानाला पर्याय नाही, आणि स्लीपरच्या तिकिटात वाहतूक आणि तपासणी दोन्ही आलं असतं. गुरुजींना हे पटत नाही. त्यांच्या मते गर्दीत स्लीपरच्या वरच्या बर्थवर तानपुरा घेऊन झोपणं डिक्कीपेक्षा जास्त धोक्याचं होतं.

जो मुद्दा दोघींनीही अजून सोडवलेला नाही, तो फुटण्याचा. भोपळा खरंच फुटला असता तर पावतीवरच्या १३,५०० चा उपयोग किती झाला असता? शेजारीच 'मालकाच्या जबाबदारीवर' लिहिलेलं होतं, आणि मालक त्या रात्री कोण, हेच ठरलेलं नव्हतं. मेधाताई म्हणतात, डिक्कीत चढला तेव्हापासून रश्मीचा. रश्मी म्हणते, केस उघडेपर्यंत त्यांचा. थांबवून ठेवलेले ५,५०० हाच काय तो विमा, आणि फुटलेल्या तानपुऱ्यापुढे तो दोघींनाही पुरला नसता. संदेशात एक ओळ टाकायला हवी होती: 'वाटेत तुटलं तर नुकसान निम्मं-निम्मं' किंवा 'पूर्ण घेणाऱ्याचं', काय ते. मी विचारलं की आज लिहायची झाली तर काय लिहाल. दोघींनी वेगवेगळी ओळ सांगितली.